उताऱ्याची वही

मराठीत ‘उतारा’ हा शब्द मोठा बहुरूपी आहे. शाळेत तो धड्यातील परिच्छेद असतो, तलाठ्याकडे सातबाऱ्याचा कागद असतो, वैद्याकडे विषावरचे औषध असतो. गुऱ्हाळावर आणि साखर कारखान्यात मात्र त्याचा अर्थ अगदी रोकडा आहे : शंभर किलो उसातून किती किलो गूळ किंवा साखर हाती आली? या शब्दाचे मर्म मला प्रथम उमगले ते ऊस न पिकणाऱ्या इंग्लंडात. २०१९ च्या उन्हाळ्यात भाच्याकडे काही दिवस राहिलो होतो. घरामागच्या लहानशा शेडमध्ये तो जवापासून बिअर तयार करीत असे.

बिअरचे नाव वाचून काही वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील, याची मला जाणीव आहे. बुलढाणा जिल्ह्यात धर्मगुरू म्हणून काम करताना दारूने मोडलेले संसार मी जवळून पाहिले आहेत. शिवाय १९४९ च्या दारूबंदी अधिनियमानुसार महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी मद्य तयार करणे हा गुन्हा आहे. इंग्लंडमध्ये १९६३ पासून स्वतःपुरती बिअर करण्यास परवाना लागत नाही. ती विकता मात्र येत नाही. मद्याची भलामण करण्याचा माझा हेतू नाही. धान्यात दडलेले सार प्रत्येक वेळी सारखेच कसे काढावे, एवढाच माझा विषय आहे, आणि त्याची गरज आमच्या एका महिला बचत गटाला पुढे फार पडली.

जवाला मोड आणून तो वाळवला की त्याचा माल्ट होतो. मोड येताना दाण्यात काही पाचक द्रव्ये जागी होतात. विज्ञानात त्यांना विकरे म्हणतात. माल्ट भरडून साधारण ६५ ते ६८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवला की ही विकरे पिठूळ भागाची साखर करतात. मग गोड रस गाळून घ्यायचा, चोथ्यात राहिलेली साखर आणखी गरम पाण्याने हळूहळू धुऊन काढायची, आणि सगळा रस हॉप्स घालून उकळायचा. यीस्टचे काम त्यानंतरचे.

रस किती गोड झाला हे हायड्रोमीटर सांगतो. आपल्या दूध संकलन केंद्रावरच्या लॅक्टोमीटरचाच तो भाऊ. रस पाण्यापेक्षा जितका जड, तितकी काचेची नळी वर तरंगते. भाच्याला हवा असलेला आकडा होता १.०५०, म्हणजे पाण्याच्या १.०५ पट जड रस. एक किलो चांगल्या माल्टमधून फार तर एक लिटर रसाला ३०० अंक देण्याइतके सार निघू शकते. पाच किलोचे झाले १,५००. त्यातले ७५ टक्के हाती आले तर १,१२५. आणि रस साडेबावीस लिटर असेल तर प्रत्येक लिटरच्या वाट्याला बरोबर ५० अंक येतात. हा ७५ टक्के म्हणजे त्याचा उतारा.

कागदावरचा हिशेब असा सरळ होता. प्रत्यक्षात तोच माल्ट, तेच वजन, तेच भांडे असूनही कधी १.०५० येई, कधी १.०४३. उतारा ७५ वरून ६५ टक्क्यांवर आला, की एवढा फरक पडतोच. “मामा, कमी येतो त्याचे दुःख नाही,” तो म्हणाला, “किती येणार हेच आधी सांगता येत नाही, त्याचे आहे.” हे वाक्य माझ्या मनात घर करून राहिले.

त्यावर त्याने एक वही घातली. प्रत्येक खेपेला धान्याचे वजन, पाण्याचे माप, सुरुवातीचे व शेवटचे तापमान, रसाचे लिटर आणि अंक तो तीत लिहू लागला. नियम एकच : एका खेपेत एकच गोष्ट बदलायची. हळूहळू चोर सापडू लागले. पहिला चोर भरड. भरडा जाड राहिला तर दाण्याच्या पोटातले पीठ पाण्याला भेटत नाही. फार बारीक झाला तर फोलपटांची गाळणी बुजते आणि रस खाली उतरेनासा होतो. दुसरा चोर तापमापक, तो दोन-तीन अंश खोटे बोलत होता. तिसरा घाई : चोथा भराभर धुतला की साखर मागेच राहते.

चौथा चोर पाणी. ज्या पाण्यात क्षारता अधिक, त्यात विकरांचे काम मंदावते. आमच्या पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात, शेगाव-संग्रामपूरकडे, डाळ शिजता शिजत नाही ही गृहिणींची जुनी तक्रार आहे. पाण्याचा स्वभाव स्वयंपाकात उतरतो, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही.

मोजण्यातही फसगत होते. हायड्रोमीटर बहुधा २० अंशांसाठी आखलेला असतो. ६० अंशांच्या गरम रसात तो पंधराएक अंक कमी दाखवतो. उकळता रस निवला की चार टक्क्यांच्या आसपास आकसतो, म्हणून लिटरही कोणत्या तापमानाला मोजले ते लिहावे लागते. आणि नुसता अंक पुरत नाही. दुधावरची साय काढून पाणी घातले तर लॅक्टोमीटरला चकवता येते, म्हणून केंद्रावर फॅटही पाहतात. तसेच येथे अंकाशेजारी लिटर नसतील तर उतारा कळत नाही. दोन्ही असले की वाट सापडते. २८ लिटर रस ४० अंकांचा असेल, तर एकूण १,१२०. उकळून तो २२.४ लिटरवर आणला की अंक ५० होतात. साखर तेवढीच राहते, उडते ते पाणी. गुऱ्हाळातला गुळव्या कढईपाशी हेच पाहत उभा असतो. आकडा कमी दिसला तर अधिक आटवावे, जास्त दिसला तर पाणी घालावे; पण हे उकळण्याआधी मोजले तरच जमते.

थोड्या मोजमापांवरून कितपत विश्वास ठेवावा, हा प्रश्नही बिअरच्याच कारखान्यात गांभीर्याने विचारला गेला. डब्लिनच्या गिनेस कंपनीत १८९९ मध्ये रुजू झालेल्या विल्यम गॉसेट यांनी १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने त्यावर निबंध प्रसिद्ध केला. आज वैद्यकापासून शेतीपर्यंत सर्वत्र वापरली जाणारी चाचणी त्यातूनच आली.

परत आल्यावर ही वही मला बचत गटात आठवली. आमच्या भगिनी नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून बाळांसाठी माल्ट करतात. बाळाचे पोट लहान. ज्वारीची पेज घट्ट केली तर ते गिळत नाही. पातळ केली तर पोटात पाणीच जाते. चमचाभर माल्टपीठ कोमट-गरम पेजेत ढवळले की तेवढ्याच धान्याची पेज सैल होते. मग तिला पुन्हा एक उकळी द्यायची. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास यांनी या विषयावर मोलाचे संशोधन केले आहे. ज्वारीला मोड आणण्याचे मात्र आम्ही टाळतो. कोवळी ज्वारी खाऊन गुरे दगावतात, हे येथील प्रत्येक शेतकरी जाणतो.

अडचण सातत्याची होती. एका खेपेचे पीठ पेज झटकन सैल करी, दुसऱ्या खेपेचे ढिम्म. आयांचा विश्वास उडू लागला आणि नुकसान बाळांचे होत होते. हायड्रोमीटर येथे निरुपयोगी, म्हणून भगिनींनीच माप शोधले : ठरलेल्या पेजेत एक चमचा पीठ ढवळायचे, एक पळी पेज स्टीलच्या सपाट ताटलीत ओतायची आणि मिनिटभरात ती किती बोटे पसरते ते लिहायचे. सोबत भिजवण्याचे तास, मोडांचे तास, वाळवण्याची रीत आणि भाजण्याचा वेळ. पाच-सहा खेपांत वहीने दोन चोर पकडले. डिसेंबरच्या थंडीत मोडांना अधिक वेळ लागतो, तो मिळत नव्हता. आणि खमंग वासाच्या मोहाने पीठ जास्त भाजले जाई, तेव्हा विकरे तव्यावरच मरत.

आता प्रत्येक पिशवी बांधण्यापूर्वी ताटलीची परीक्षा होते. जे पीठ पुरेसे पसरत नाही ते भाकरीच्या पिठात जाते, बाळांना जात नाही. गटातील सर्वांत वयस्कर बाईंना लिहिता येत नाही. त्या बोटांनी मोजतात आणि त्यांची नात आकडा लिहिते. आजवर त्या वहीत एकही रकाना रिकामा राहिलेला मी पाहिला नाही.