दिवेआगरच्या वाडीतला करवतींचा गोठा

माणगावला मुंबई-गोवा रस्ता सोडून गाडी म्हसळ्याकडे वळली की प्रवासाची चव बदलते. चढउतार, वळणे, करवंदीच्या जाळ्या, उतारावरची भातखाचरे. आणि खिडकीतून येणारा वारा हळूहळू खारट होऊ लागतो. म्हसळ्याला निम्मी गाडी रिकामी होते, बोर्ली-पंचतनला उरलेल्यांपैकी बहुतेक उतरतात, आणि दिवेआगरपर्यंत आपण, वाहक आणि दोन-चार पिशव्या एवढेच राहतो.

गाव जुने आहे. इथे सापडलेला इ.स. १०६० चा ताम्रपट मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत गणला जातो. बाहेरच्या माणसाला दिवेआगर ठाऊक असते ते सुवर्णगणेशामुळे आणि लांबलचक किनाऱ्यामुळे. पण शेतकऱ्याने इथे यावे ते वाड्या पाहायला. घराचे मागचे दार उघडले की वाडीच. माडाच्या सावलीत पोफळी, पोफळीवर मिरीचा वेल, मधून केळी आणि जायफळ, आणि विहिरीवरून निघालेले पाण्याचे पाट. श्रीवर्धनची म्हणून जी रोठा सुपारी नावाजली जाते ती या पट्ट्यातली.

या गर्द सावलीतून चालताना मधेच एकदम आभाळ उघडे पडते. अशा जागा ३ जून २०२० च्या. त्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढले. वारा ताशी १०० ते ११० किलोमीटर, झोत १२० पर्यंत. किनाऱ्यावरचे सुरू मोडले, माड मुळासकट उपटले, पोफळी काडीसारख्या मधोमध तुटल्या. नारळ-सुपारीचे रोप लावल्यापासून हाताला फळ लागायला सहा-सात वर्षे जातात. तेव्हा कुणाचे किती गेले हा हिशेब रुपयांत मांडून भागत नाही.

मी मात्र आलो होतो एक गोठा पाहायला. म्हसळ्यात एका दुकानात कानाशी आले की दिवेआगरात एका बागायतदाराने गुरांच्या गोठ्यात नऊ साखळी-करवती बांधून ठेवल्या आहेत. 'बांधून' हा शब्द दुकानदाराचाच. साखळी-करवत म्हणजे पेट्रोलवर चालणारी चेनसॉ. गावात तिला नुसते 'कटर' म्हणतात.

घर सापडायला अडचण पडली नाही. यजमान सत्तरीचे. मुंबईच्या गिरणीत फिटर होते, १९८२ च्या संपानंतर गावी आले ते वाडीतच रमले. मी काका म्हणू लागलो आणि त्यांनी चालवून घेतले. "आधी बसा, कोकम घ्या. करवती कुठे पळत नाहीत," असे म्हणून त्यांनी मला ओटीवर बसवले. आतून काकू म्हणाल्या, "गुरं होती तेव्हा गोठ्याला शेणाचा वास यायचा, आता तेलाचा येतो. दूध तेवढं बंद झालं!"

गोठा घरापासून वीसेक पावलांवर. भिंती जांभ्या दगडाच्या, वर कौले. गव्हाणी होत्या तिथे कमरेइतक्या उंचीवर फणसाच्या जाड फळ्यांचा माळा. पहिल्याच नजरेला लक्षात येते ते हे, की फळ्या भिंतीला टेकवलेल्या नाहीत. मधे चार बोटांची फट आहे. पावसाळ्यात जांभा घाम गाळतो हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. भिंतीला टेकलेले लोखंड श्रावणाच्या आत तांबूस होते. फळीवर प्रत्येक करवतीखाली पत्र्याचे जुने ताट, कारण साखळीला तेल पुरवणारी टाकी थोडी ना थोडी गळतेच. अंगावर धुवट सुती कापड. प्लॅस्टिकचा कागद घालायचा नाही. आत दमट हवा कोंडते. पात्यावर म्यान हवे म्हणून पाण्याच्या पाइपाचे तुकडे उभे चिरून चढवले आहेत, बिनपैशाचे.

नऊपैकी दोन करवती पेन्शनीत निघालेल्या, वखारीतून आलेली जुनी जड धुडे. कामाच्या सात. मोठी एक, आंबा-फणसाच्या बुंध्यासाठी. मधल्या दोन, रोजच्या. लहान दोन, फांद्यांसाठी. एक विजेच्या वायरीची आणि एक बॅटरीची. एका घराला नऊ करवती म्हणजे जास्तच झाल्या, हे मी त्यांच्या तोंडावर म्हटले. दहा-बारा एकरांच्या बागेलासुद्धा एक मधली आणि एक लहान पुरते. काका हसले. वादळानंतर गावोगाव लोकांनी घाईघाईने कटर घेतले, वर्ष-दीड वर्षात ते बंद पडले, आणि भंगाराच्या भावात यांच्याकडे आले. फिटरचा हात, फेकवेना.

पण ही सगळी शिस्त आली कुठून, हे विचारल्यावर ते थोडा वेळ गप्प राहिले. मग सांगितले ते असे. वादळ ओसरले त्या संध्याकाळी आळीतून मुख्य रस्त्यावर जायला वाट नव्हती. शेजारची म्हातारी दमेकरी, तिला दवाखान्यात न्यायचे होते. आळीत तीन कटर होते. एक माळ्यावर, एक पडवीत गोणपाटाखाली, एक यांचा. माळ्यावरच्यात आदल्या दिवाळीचे पेट्रोल तसेच राहिलेले. त्याचा चिकट राळेसारखा थर होऊन कार्बोरेटर बसला होता. गोणपाटाखालच्याची पेट्रोलची नळी उंदरांनी कुरतडलेली. यांचा सुरू झाला, पण साखळी बोथट आणि गोल कानस सापडेना. टाळेबंदीचे दिवस, तालुक्याचा मेकॅनिक यायला रस्ता नाही, वीज गेलेली. म्हातारीला खुर्चीत बसवून चौघांनी पडलेल्या माडांवरून उचलून नेले. तिचे प्राण वाचले. "पण शंभर पावलांच्या वाटेला तीन तास लागले हो," काका म्हणाले, "आणि तीन मशिनं घरात होती."

पुढे वाचकांनी थोडे बारकाईने वाचावे, कारण बंद पडलेल्या करवतींपैकी बहुतेक पेट्रोलच्या हलगर्जीपणाने बंद पडतात. हे इंजिन टू-स्ट्रोक. पेट्रोलमध्येच तेल मिसळावे लागते. चांगले टू-स्ट्रोक तेल असेल तर लिटरला २० मिलिलिटर, म्हणजे पन्नासास एक. तरी आपल्या यंत्राच्या पुस्तिकेत काय लिहिले आहे ते आधी पाहावे. काका एका वेळी लिटरभरच मिश्रण करतात आणि डब्यावर खडूने तारीख घालतात. महिन्याच्या वर झालेले मिश्रण करवतीत जात नाही. आताच्या पेट्रोलात इथेनॉल असते. ते आपल्याच उसातून, धान्यातून येते याचा आनंद आहे, पण ते हवेतले पाणी ओढून घेते, आणि कोकणात हवेत पाण्याला काय तोटा! म्हणून महिनाभर काम नसेल तर टाकी उघड्या हवेत रिकामी करायची, मग करवत सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यायची, म्हणजे कार्बोरेटरही कोरडा होतो. लांब विश्रांती असेल तर प्लग काढून आत तेलाचे चार थेंब टाकायचे आणि दोरी दोन-तीनदा हलकेच ओढायची. खाऱ्या हवेत पिस्टनला गंज धरत नाही. पेट्रोलचा डबा गोठ्यात नाहीच. तो वेगळ्या पत्र्याच्या पेटीत, चुलीपासून आणि तुळशीच्या दिव्यापासून लांब, कुलुपात.

बॅटरीची बॅटरी काढून घरात, कोरड्या थंड कपाटात, निम्मी भरलेली. ही करवत आवाज कमी करते, काकूंना आवडते. पण निसर्ग वादळानंतर इथल्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. घरात एकच करवत ठेवायची तर ती पेट्रोलची, असे माझेही मत झाले.

गोठ्याची खरी श्रीमंती समोरच्या भिंतीवर आहे. खिळ्यांच्या रांगेत साखळ्या टांगल्या आहेत. प्रत्येक खिळ्यावर रंगाचा ठिपका, तोच ठिपका त्या साखळीच्या करवतीवर, आणि तोच कानशीच्या मुठीवर. लहान करवतींच्या साखळीला ४ मिलिमीटरची गोल कानस, मधल्यांच्या साखळीला ४.८ ची, मोठीला ५.२ ची. कानस चुकली की दात बिघडलाच. प्रत्येक करवतीला तीन साखळ्या, कारण माडाचे खोड. बाहेरून माड मऊ वाटतो, पण त्याच्या कडेचे लाकूड टणक आणि वाळूसारख्या सिलिकाने भरलेले. साखळीची धार पाहता पाहता जाते. टांगण्यापूर्वी साखळी ब्रशने झाडून स्वच्छ तेलात बुडवायची. जळके इंजिन तेल त्यांना चालत नाही. पात्याच्या खाचेतला भुसा काढायचा, तेलाचे छिद्र मोकळे करायचे, आणि पाते दर वेळी उलटे बसवायचे, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात.

या दातांची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. पूर्वीच्या साखळीला हातकरवतीसारखेच टोकदार दात असत आणि ते सारखे बोथट होत. १९४६ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगन प्रांतात जो कॉक्स नावाचा लाकूडतोड्या एका बुंध्यातली भुंगेऱ्याची अळी पाहत बसला. अळी आपले जबडे उजवीकडे-डावीकडे चालवीत लाकडाच्या ढलप्या काढत आरपार जात होती. त्यावरून त्याने डावा दात, उजवा दात अशी साखळी केली, आणि आजच्या साखळ्या तिच्याच वंशातल्या. आपल्या आंब्याचा खोडकिडा त्या अळीच्याच कुळातला. ज्याने आपले आंबे पोखरले त्याच्याच जबड्याने आपण वठलेला आंबा कापतो!

सुरक्षेचे सामान दाराशीच: शिरस्त्राण, डोळ्यांना चष्मा, कानांना बोंडे, जाड बूट. ते पार करूनच करवतीपर्यंत जाता येते, अशी मांडणी मुद्दाम केली आहे. पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की करवत उसळून अंगावर येते, आणि वादळात वाकून अडकलेले झाड कापताच धनुष्यासारखे सुटते. हे काम एकट्याने करू नये. आणखी एक. आंबा, फणस, साग असली झाडे आपल्या बांधावरची असली तरी १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे परवानगी लागते. घरात कटर आहे म्हणून झाड आपले होत नाही.

दाराच्या मागे खिळ्याला एक वही आहे. कोणती करवत कधी चालवली, कोणती साखळी कधी घासली, याच्या नोंदी. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात सगळ्या करवती एका सकाळी अंगणात येतात आणि एकेक सुरू करून पाहिली जाते. आळीतली मुले लांब उभी राहून मोजतात. वहीच्या शेवटच्या पानावर उसनवारीची यादी. ताउक्ते वादळाच्या वेळी, मे २०२१ मध्ये, चार करवती आळीत गेल्या होत्या असे त्यात लिहिलेले मी वाचले. करवत कुणीही न्यावी, पण नेणाऱ्याने साखळी घासून, टाकी रिकामी करून आणावी, असा नियम आहे. मी निघालो तेव्हा एक तरुण मधली करवत परत करायला आला होता. काकांनी तिला हात लावण्याआधी साखळीवरून अंगठा आडवा फिरवला आणि म्हणाले, "डावे दात राहिले की रे. बस, कानस देतो."