स्टिक सोडताना

रिमोटवरचं विमान एकट्यानं शिकायचं म्हटलं की आधी भांडण होतं ते स्वतःच्या अंगठ्याशी. विमान जरा कललं की अंगठा घाबरतो, स्टिक पार कडेला रेटतो; विमान उलट्या बाजूला झुकतं, अंगठा पुन्हा धावतो, आणि या ओढाताणीत जमीन वर येते. शेजारी जाणता असता तर त्यानं रिमोट हातात घेतला असता. तो नसतो, तेव्हा सांभाळून घेणारं कुणीतरी विमानातच शोधावं लागतं.

आणि ते असतं. शिकाऊ विमानाचे पंख धडाच्या वर बसवलेले आणि टोकांकडे किंचित उचललेले असतात. विमान एका अंगाला कललं की त्याच बाजूला घसरू लागतं; खालच्या पंखाला हवा जास्त कोनात भिडते, त्याची उचल वाढते आणि विमान आपसूक सरळ होतं. अट एवढीच की वजनाचा तोल पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण पाव ते एक तृतीयांश रुंदीवर हवा, आणि खाली भरपूर उंची. या खेळात मला सगळ्यात भावतं ते हेच: दोन्ही स्टिक मधोमध सोडून त्या पंखांवर विश्वास टाकणं.

असं एकट्यानं शिकणं काही नवं नाही. 1937 साली अमेरिकेतल्या कॅलामाझूत वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी आठ फुटी पंखांचं ‘गफ’ हे विमान रेडिओच्या इशाऱ्यावर उडवलं. ते या वाटेवरच्या अगदी पहिल्यांतले. त्यांना कोण शिकवणार होतं! ते विमान आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

विमान आपल्याकडे तोंड करून येतं तेव्हा डावं-उजवं उलटं होतं. तेव्हा खाली गेलेल्या पंखाला टेकू द्यावा तशी स्टिक त्याच बाजूला सरकवायची. पुढे पुढे हा हिशेबही लागत नाही. उभे आपण मैदानात असतो, पण मन विमानात जाऊन बसलेलं असतं.

उतरताना मात्र स्टिक सोडून भागत नाही. पंखांना सावरायला लागणारी उंचीच उरलेली नसते. तोंड वाऱ्याकडे, थ्रॉटल हळूहळू कमी, आणि विमान लांब जाईलसं वाटलं तरी नाक वर ओढायचं नाही. वेग मोडला की पंखांची उचल सुटते, एक टोक खाली कोसळतं. गवत हातभर उरलं की मगच नाक उचलणारी एलेव्हेटरची स्टिक मागे घ्यायची, अगदी थोडी.