बारा फोटो

मामांनी त्यांचा जुना आग्फा क्लिक थ्री मला दिला. एकशेवीसचा रोल, फोटो बाराच. त्यामुळं एकेक फोटो काढताना जीव हरखायचा. पाठीमागच्या लाल खिडकीत आकडा बघत रोल पुढं सरकवायचा. विसरलं की फोटोवर फोटो.

बेंदराला आभाळ भरलेलं. ढगाच्या खुणेवर ठेवून सर्जाचा फोटो काढला. तेवढ्यात आज्जी उंबऱ्यात आली. "माझा बी काढ की रं!" घाईत खटका दाबला. रोल सरकवायचा राहिला.

कोल्हापुरातनं फोटो धुऊन आणले. आज्जीच्या पदरातनं सर्जाची रंगवलेली शिंगं आरपार! मी रडकुंडीला आलो. आज्जी हसली, "दोघं बी ह्याच घरात राबलो. ऱ्हाऊ दे एकत्र."

पुढच्या बेंदराला दोघंही नव्हती. आज्जीचा दुसरा फोटो घरात नाही.