धुरळ्यातला फोटो

२०१९ च्या निवडणुकीत आमच्या पिंपळगाव राजाला हेलिकॉप्टर उतरले. खासगी, भाड्याचे. पाहुण्यांचे भाषण कुणाच्या ध्यानात नसेल. पंख्याच्या वाऱ्याने उडालेल्या टोप्या मात्र सर्वांना आठवतात. मी मोबाईल काढताच एक हवालदार धावत आले. "फोटो बंद! कायदा आहे!"

कायदा होता खरा. १९३७ च्या विमान नियमांतला तेरावा नियम सरकारी विमानतळावर आणि उडत्या विमानातून परवानगीवाचून फोटो काढण्यास मनाई करीत असे. पुढे २०२० साली मुंबईच्या विमानात एका अभिनेत्रीभोवती कॅमेऱ्यांची झुंबड उडाली, तेव्हा सरकारने याच नियमाचा दंडुका उगारला. आणि लगोलग, प्रवाशांना हौसेचे फोटो काढण्यास हरकत नाही, असा खुलासाही केला! पण आमचे पटांगण हा काही सरकारी विमानतळ नव्हे. हे हवालदारांना सांगण्याइतकी छाती माझ्यापाशी नव्हती.

म्हणून मी मोबाईल वळवला तो पदर सावरीत आभाळाकडे पाहणाऱ्या एका म्हातारीकडे. तिने नेमके पाहिले.

"काऊन रे बाबू, मले न इचारता फोटू काढला?"

"आजी, चारचौघांत काढलेला चालतो."

यात मी खोटे बोललो नव्हतो. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितले आहे. तरी उघड्यावर दिसणाऱ्या माणसाचा फोटो काढण्यास सरसकट मनाई नाही.

"असं? इमानाले इचारा लागते, अन् मले नाही?"

तिचा फोटो मी तिच्यादेखत पुसला. हवालदार पोचण्याआधी टिपलेला हेलिकॉप्टरचा एक अजून आहे. त्यात नुसता धुरळा दिसतो.