मेणबत्त्या आणि मतदान

२८ नोव्हेंबर २००८. मुंबईत ताज हॉटेलात गोळीबार चालूच होता आणि त्याच सकाळी भारतीय जनता पक्षाने दिल्लीच्या वृत्तपत्रांत दहशतवादाविरुद्ध मत मागणारी जाहिरात दिली. दुसऱ्या दिवशी विधानसभेसाठी सुमारे ५८ टक्के दिल्लीकरांनी मतदान केले आणि शीला दीक्षितांना तिसऱ्यांदा सत्ता दिली. भीतीचा सौदा त्यांनी नाकारला, असे आम्ही मानतो.

आम्हां मुंबईकरांचे काय? १६६ जणांचा बळी गेला होता. ३ डिसेंबरला गेटवेपाशी हजारोंनी मेणबत्त्या पेटविल्या. मुख्यमंत्री विलासराव देशमुख आणि गृहखाते सांभाळणारे उपमुख्यमंत्री आर. आर. पाटील यांना जनक्षोभापुढे पायउतार व्हावे लागले. परंतु ३० एप्रिल २००९ रोजी, लोकसभेच्या मतदानादिवशी, ताज ज्या मतदारसंघात उभे आहे त्या दक्षिण मुंबईत जेमतेम ४० टक्के मतदान झाले. २००४ पेक्षाही कमी. दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र दिन, पुढे शनिवार-रविवार. जोडून आलेली सुट्टी कोणाला नकोशी होते!

राजकारण्यांनी याची नोंद घेतली नसेल, असे कसे म्हणावे? ऑक्टोबरच्या विधानसभा निवडणुकीत तीच आघाडी पुन्हा निवडून आली आणि नोव्हेंबरात आर. आर. पाटील पुन्हा गृहमंत्री झाले.