दगडावर कोरलेलं गाव

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातलं बीचवर्थ एकेकाळी सोन्यासाठी गजबजलेलं होतं. तिथल्या दफनभूमीत चिनी खाणकामगारांचा भाग वेगळा आहे. दर्शनी बाजूला १८५७ साली उभारलेले दोन मनोरे; मृतांच्या नावाने कागदी पैसे जाळायचे ते त्यांत. पलीकडे साध्या, ठेंगण्या दगडांच्या रांगा.

या दगडांवरची अक्षरं वरून खाली वाचायची. मधल्या ओळीत मोठ्या अक्षरांत मृताचं नाव, एका बाजूला जिल्हा आणि गाव, दुसऱ्या बाजूला मृत्यूचा काळ. तोही चिनी सम्राटाच्या राजवटीच्या वर्षांत मोजलेला: ग्वांगशूचं दहावं वर्ष म्हणजे १८८४. स्तुती बहुधा नाही, गावाचं नाव मात्र हमखास.

त्याला कारण होतं. हे लोक बहुतेक दक्षिण चीनच्या ग्वांगदोंग प्रांतातले. सोनं मिळवून परतायचं, या हिशेबाने आलेले. १८५५मध्ये व्हिक्टोरियाने बंदरावर उतरणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर दहा पौंडांचा कर बसवला. तो चुकवायला हजारो जण शेजारच्या दक्षिण ऑस्ट्रेलियात रोब बंदरावर उतरले आणि खाणींपर्यंत चारशेहून अधिक किलोमीटर पायी गेले. एवढं करून परमुलखात मरण आलं, तर निदान हाडं तरी गावच्या मातीत, पूर्वजांशेजारी जावीत, ही त्यांची आस होती. काही वर्षांनी गाववाल्यांच्या संस्था कबरी उकरत, हाडं स्वच्छ करून पेटीत भरत आणि जहाजाने हाँगकाँगला धाडत. तिथलं तुंग वा रुग्णालय ती पुढे गावोगाव पोचवायची व्यवस्था करी. दगडावरचा मजकूर होता तो या न्यायला येणाऱ्यांसाठी. पाकिटावर मुक्काम आणि तालुका लिहावा तसा.

सगळ्यांनाच कोणी न्यायला आलं नाही.

आज हाच मजकूर उलट दिशेने कामाला येतो. सरकारी दप्तरात इंग्रज कारकुनांनी चिनी नावं ऐकू येतील तशी, अर्धीमुर्धी लिहिली. त्यावरून पणजोबांचं घर शोधणं जवळपास अशक्य. दगडावर मात्र आडनावासकट नाव आहे आणि गावही आहे. चिनी वाचता न येणारे वंशज त्याचे फोटो काढतात, जाणकारांकडून वाचून घेतात. तरी अडचणी येतात. पुष्कळ दगडांवर कोरलेला शिननिंग जिल्हा आजच्या नकाशावर त्या नावाने सापडत नाही. १९१४मध्ये त्याचं नाव तैशान झालं. हे ठाऊक असलेला माणूस भेटला, की शोध पुढे सरकतो.

म्हणून या दगडांची नुसती डागडुजी पुरेशी नाही. ऊनपावसाने अक्षरं झिजताहेत. प्रत्येक दगड, त्यावरची ओळ न् ओळ, वाचता येते तोवर उतरवून घ्यायला हवी. कित्येक कुटुंबांसाठी मूळ गावाची लेखी नोंद तेवढी एकच आहे.