शेंडा आणि बुडखा

दोस्तांनो, कागद-पेन्सिल घेतलीत? आज एक जपानी अक्षर लिहायचंय. घाबरू नका, पाचच रेघांचं काम आहे!

आधी डावीकडून उजवीकडे एक आडवी रेघ. मग तिच्या थोडं वरून, मधोमध, उभी रेघ खालपर्यंत आणा. दोघी जिथे छेदतात, तिथून एक तिरकी रेघ खाली डावीकडे, दुसरी खाली उजवीकडे. झालं झाड! आडवी रेघ म्हणजे फांद्या, तिरक्या रेघा म्हणजे मुळं. उच्चार ‘की’. अशी दोन झाडं शेजारी काढली की राई, तीन काढली की दाट वन!

आपण अक्षरावरची रेघ शेवटी ओढतो. इथे मात्र आडवी आधी, उभी नंतर. हा क्रम पाळायचा हं, म्हणजे हाताला वळण लागतं.

आता पाचवी रेघ. उभ्या रेघेच्या तळाशी एक छोटीशी आडवी रेघ मारा. ही जणू खूण: ‘इथे बघा!’ अर्थ झाला बुडखा, मूळ. उच्चार ‘होन’. पुस्तकालाही होनच म्हणतात. याच्या आधी सूर्याचं अक्षर लिहिलं, की ‘निहोन’, म्हणजे जपान. सूर्याचं मूळ! उगवत्या सूर्याचा देश म्हणतात तो यावरूनच.

मी हे अक्षर तासगावात, पुस्तकात बघून गिरवलं. जपानीचे क्लास पुण्याला. तिथे राहणं परवडणारं नव्हतं. वहीची पानं भरत होते, तर अण्णा द्राक्षबागेतून आले. म्हणाले, “ह्या रेघोट्यांना शेंडा हाय ना बुडखा! काय उपेग गं ह्याचा?”

मी म्हटलं, “अण्णा, दोन्ही आहेत!” झाडाच्या तळाशी रेघ मारून दाखवली, हा बुडखा. दुसऱ्या झाडाच्या डोक्यावर लांब रेघ ओढली, हा शेंडा. आणि जपानीत उफराट्या कारभाराला काय म्हणतात ठाऊक आहे? ‘होनमात्सु तेन्तो’, म्हणजे बुडखा-शेंड्याची उलटापालट!

अण्णा वहीकडे बघतच राहिले. आमच्याकडे द्राक्ष लावताना आधी डॉगरिजचा जंगली खुंट लावतात. तो रुजला, की त्यावर हव्या त्या जातीची काडी भरतात. अण्णा म्हणाले, “म्हंजी त्यास्नी झाड कळतंय की! शिक पोरी. बुडखा जोमात असला, की कुठलीबी काडी जगती.” त्यानंतर उपयोगाचा प्रश्न घरात निघाला नाही.

आणि मी काही एकटी नाही बरं का! छत्रपती संभाजीनगरजवळच्या गाडीवाटच्या जिल्हा परिषद शाळेत २०१९ साली परदेशी भाषा निवडायला सांगितली, तर बहुतेक मुलांनी जपानीच निवडली. त्यांना यंत्रमानवाचं वेड होतं ना!

जपानी मुलं पहिलीत अशी ८० अक्षरं शिकतात, सहावीपर्यंत १०२६. आपलं एक तर झालं!

आता एक कोडं. झाडाच्या डावीकडे, अगदी चिकटून, माणूस उभा केला तर काय अर्थ होईल? भर दुपारी रानात राबणाऱ्या कुणालाही विचारा. तो लगेच सांगेल, “विसावा!”